‘पुढचा भाग कधी?’ : इंदूरच्या एका फॅनफिक्शन लेखिकेचं प्रकरण

एका मराठी कौटुंबिक मालिकेत नायकाची एक आत्या होती. मालिका रंगात आल्यावर ती एक दिवस दिसेनाशी झाली. ना वारली, ना काशीला गेली, ना घरातल्या कुणी पुन्हा तिचं नाव काढलं. रोजच्या मालिका बघणाऱ्यांना यात नवल नाही. कलाकाराच्या तारखा जुळत नाहीत, चॅनेलला गोष्ट दुसरीकडे न्यायची असते, आणि सोमवारी ओट्यापाशी उभं असलेलं माणूस मंगळवारी नसतं. इंदूरच्या सुदामानगरात राहणाऱ्या एकीला मात्र ही आत्या गेली कुठे, हा प्रश्न काही सोडेना. तिने आत्याला पुण्याहून इंदूरच्या गाडीत बसवलं, इथल्या स्टेशनवर उतरवलं आणि भंवरकुव्याला, कोचिंगच्या मुलांच्या वस्तीत, मेस काढायला लावली. त्यातून जी लांबलचक मराठी फॅनफिक्शन, म्हणजे दुसऱ्याच्या पात्रांवर चाहत्याने लिहिलेली गोष्ट, झाली, तिचं हे प्रकरण.

लेखिका पस्तिशीला टेकलेली. एका सीएच्या ऑफिसात जीएसटीची रिटर्न्स भरते. घर मराठी, शाळा हिंदी माध्यमाची, आजूबाजूला सगळा इंदुरी कारभार. आमच्या वाचनकट्ट्यावर ती येते, म्हणून मला हे जवळून बघायला मिळालं. तिचं नाव, टोपणनाव आणि मालिकेचं नाव तिच्याच सांगण्यावरून गाळलं आहे. वाचकांच्या बाबतीतही ओळख पटेल असं काही ठेवलेलं नाही.

लेखकाला प्रतिसाद हवा असतो हे सगळेच म्हणतात, आणि म्हणताना प्रतिसाद म्हणजे कौतुक असं धरून चालतात. हिच्या बाबतीत कौतुकाने फारसं काही हललं नाही. टीकेने बरीच पडझड झाली, शांततेने त्याहून जास्त. आणि गोष्ट शेवटाला गेली ती अशा दोन-तीन जणींमुळे, ज्यांनी ‘खूप छान’ असं बहुधा एकदाही लिहिलं नाही. म्हणून हे सविस्तर मांडावंसं वाटलं.

आधी जागेविषयी. तिने गोष्ट टाकली ‘आर्काइव्ह ऑफ अवर ओन’वर. चाहत्यांनी चाहत्यांसाठी उभारलेला हा संग्रह ‘ऑर्गनायझेशन फॉर ट्रान्सफॉर्मेटिव्ह वर्क्स’ ही २००७ साली निघालेली ना-नफा संस्था चालवते. नोव्हेंबर २००९ पासून तो सगळ्यांना खुला आहे आणि २०१९ मध्ये त्याला विज्ञानकथांच्या जगातला ह्यूगो पुरस्कारही मिळाला. तिथे जाहिराती नाहीत. लेखकाने पैसे मागायचे नाहीत, देणगीची लिंकसुद्धा द्यायची नाही, असा नियम आहे. त्यामुळे तिच्या आईने पहिल्याच दिवशी विचारलेल्या ‘यातून मिळतं काय तुला?’ या प्रश्नाचं उत्तर हिशेबाने द्यायचं तर ते असं: हिट्स (पान किती वेळा उघडलं तो आकडा), कुडोज (आवडल्याची खूण म्हणून वाचकाने दाबायचं बटण), बुकमार्क, कॉमेंट. आणखी काही मिळायची सोयच नाही. हे इंटरनेटमुळे आलं असंही नाही. स्टार ट्रेक या अमेरिकी मालिकेचं पहिलं फॅनझीन, म्हणजे चाहत्यांनीच काढलेला अंक, १९६७ मध्ये निघालं. त्या छापील अंकांच्या काळातही लिहिणाऱ्याच्या पदरात अंकाची एक प्रत आणि पुढच्या अंकातली वाचकांची पत्रं, एवढंच पडायचं.

तिथल्या भाषांच्या यादीत मराठी आहे, पण मराठीत लिहिणारे मूठभर आणि वाचणारेही मोजके. गोष्टी टाकायच्या-वाचायच्या प्रतिलिपी या साइटवर मराठी वाचक कितीतरी जास्त आहेत, तिथे का नाही टाकलंस, असं मी विचारलं. तिचं उत्तर सरळ होतं: “काकू, तिथे ऑफिसातल्या दोघी वाचतात.” ओळखीच्यांपासून लपायचं आणि अनोळख्यांनी मात्र ओळखावं, ही बहुतेक फॅनफिक्शनवाल्यांची गत आहे. तिची वेगळी नाही.

एकदाच दाबता येणारं बटण

पहिल्या भागाला चार कॉमेंट आल्या. ‘आत्या सापडली!!’, ‘छान सुरुवात’, ‘ताई, पुढचा भाग लवकर टाका’ या जातीच्या. सहाव्या भागापर्यंत असंच चाललं आणि ती खूश होती. मग कुडोजचा आकडा जागीच थांबला. हिट्स वाढत होते, म्हणजे कुणीतरी येत होतं. कुडोज मात्र हलत नव्हते, कॉमेंट एखादी, तीही ‘पुढचा भाग कधी?’ एवढीच. तिने अर्थ लावला की लोक येतात, वाचतात, आवडत नाही, निघून जातात.

हा अर्थ चुकीचा होता, आणि चूक तिची नव्हती. कुडोजचं बटण एका वाचकाला एका गोष्टीसाठी एकदाच वापरता येतं. भाग वीस असोत की दोनशे, कुडोज एकच. दुसऱ्यांदा दाबलं तर तुम्ही आधीच दिलेलं आहे असा निरोप येतो. म्हणजे जी बाई पहिल्या भागाला भाळून कुडोज देऊन बसली, तिला बाराव्या भागाशी ‘मी अजून इथेच आहे’ हे सांगायला बटणच उरत नाही. लांबलेल्या गोष्टीत सगळ्यात निष्ठावंत वाचक सगळ्यात आधी अदृश्य होतो. इंग्रजी फॅनडममध्ये, म्हणजे चाहत्यांच्या जगात, मुरलेल्या लोकांनी यावर तोडगा काढला आहे: नुसतं बदाम टाकायचं, किंवा ‘हे दुसरं कुडोज समजा’ असं लिहायचं. आपल्याकडचे वाचक तिथे नवे. त्यांना ही रीत कोण सांगणार?

शिवाय आपला संकोच. आमच्या कट्ट्यावरचीच एक जण ही गोष्ट पहिल्या भागापासून वाचत होती, हे मला फार उशिरा कळलं. “अगं, मग लिहिलं का नाहीस एकदाही?” तर म्हणाली, “नुसतं छान काय लिहायचं, काकू? आणि त्याहून जास्त लिहायला मला कुठे येतं?” मला वाटतं, मराठी वाचकाच्या गप्प बसण्याचं यापेक्षा नेमकं कारण शोधायला नको. त्याला अभिप्राय म्हणजे परीक्षण वाटतं. परीक्षण लिहिण्याइतके आपण मोठे नाही, म्हणून तो आल्या पावली परत जातो.

आणि हे कुठे घडतंय, तर इंदुरात. इथे मराठी नाटकं-मैफली करणाऱ्या ‘सानंद’ या संस्थेच्या पाच प्रेक्षक-समूहांपैकी एकाला रामूभैया दात्यांचं नाव आहे. अरुण दात्यांचे वडील, पण इंदूर त्यांना आठवतं ते ऐकणारे म्हणून. त्यांची दाद मिळावी म्हणून मोठमोठे गवई त्यांच्याकडे बघत गात. ज्या गावाने एका श्रोत्याचं नाव असं जपलं, तिथल्या लेखिकेचे वाचक तोंडात मिठाची गुळणी धरून बसावेत, याची मला गंमत वाटली. अर्थात मैफलीत दाद देणं सोपं असतं. आपल्याआधी कुणीतरी ‘वा’ म्हणालेलं असतं, आपण त्यात मिसळायचं. रात्री अंथरुणात पडून फोनवर वाचणाऱ्याला पहिला आवाज आपणच काढायचा असतो.

लेखकाला आकड्यांच्या पानावर सबस्क्रिप्शनची, म्हणजे नवा भाग आला की कळवा असं सांगून ठेवलेल्यांची, संख्या दिसते, नावं दिसत नाहीत. ती संख्या या सगळ्या काळात हळूहळू वाढतच होती. मी तिला ते दाखवलं. तिने मान हलवली. “तो आकडा आहे, काकू. माणूस नाही.” यावर मला बोलता आलं नाही.

मग तिने तेच केलं जे बहुतेक जण करतात. भाग आखूड केले. प्रत्येक भाग एखाद्या धक्क्यावर तोडायला सुरुवात केली. आणि नवव्या भागात एक डॉक्टर आणला. विधुर, मितभाषी, मेसचं जेवण आवडणारा. गोष्टीला त्याची काही गरज नव्हती, हे तीही मान्य करते. पण तो आल्यावर दोन कॉमेंट आल्या आणि ती सकाळी चहाच्या आधी आकडे बघायला लागली.

मानसशास्त्रात एक जुना प्रयोग आहे. लेपर, ग्रीन आणि निस्बेट यांनी १९७३ मध्ये तो प्रसिद्ध केला. चित्रं काढायची आवड असलेल्या बालवाडीतल्या मुलांचे तीन गट. एका गटाला आधीच सांगितलं की चित्र काढलंत तर प्रमाणपत्र मिळेल. दुसऱ्याला न सांगता दिलं. तिसऱ्याला दिलंच नाही. काही दिवसांनी आपखुशीने खेळायची वेळ आली तेव्हा आधी सांगून बक्षीस दिलेली मुलं चित्रांकडे बाकीच्यांच्या निम्म्याच वेळ फिरकली. अवचित बक्षीस मिळालेल्यांचा उत्साह तसाच टिकला. हिच्या पहिल्या सहा भागांवरच्या कॉमेंट अवचित होत्या. नंतरच्या ती वाट बघत असताना आल्या, किंवा आल्याच नाहीत. साम्य मी एवढ्यावरच थांबवते, कारण प्रमाणपत्रात काही मजकूर नसतो आणि कॉमेंटमध्ये असू शकतो. पुढे जे घडलं ते त्या मजकुरामुळेच.

आईचा प्रश्न

याच दरम्यान आईने गोष्ट वाचली. फोनवरची बारीक अक्षरं तिला वाचवत नाहीत, म्हणून कागदावर छापून दिली होती. सगळं वाचून झाल्यावर आई म्हणाली, “पन्नास पोरांच्या पोळ्या ही एकटी लाटते का गं? आणि गॅस कुठला? घरचाच?”

आवडलं की नाही, यावर चकार शब्द नाही. लेखिका आधी चिडली. मग एका शनिवारी भंवरकुव्याच्या एका खऱ्या मेसमध्ये जाऊन बसली. तिथे तिला कळलं की पोळीवाल्या बाया वेगळ्या असतात आणि त्या वेळेच्या बाबतीत मालकिणीपेक्षा कडक असतात. घरगुती सिलिंडर १४.२ किलोचा, धंद्याचा १९ किलोचा, आणि घरगुती सिलिंडर मेसमध्ये वापरताना सापडलं तर जप्त होतं. परीक्षेच्या आदल्या रात्री मुलं जेवत नाहीत, पण डबा मात्र मागवून ठेवतात. यातून सिलिंडरचा भाग झाला: तपासणीला माणसं येतात, आत्याचे दोन सिलिंडर उचलून नेतात, आणि त्या रात्री मुलं तिच्या अंगणात वीट मांडून चूल पेटवतात. माझ्या मते साऱ्या गोष्टीतला हा सर्वांत भक्कम भाग. त्यात डॉक्टर नाही, धक्का नाही, आणि त्याच्यावर तोपर्यंतच्या सगळ्यात जास्त कॉमेंट आल्या.

घरच्या माणसाचा प्रतिसाद लिहिणारे सहसा मोजत नाहीत. ‘आईला काय कळतंय फॅनफिक्शनमधलं’ असं असतं. आईने मालिकाही धड बघितली नव्हती. पण मेस कशी चालते हे तिला ठाऊक होतं आणि गोष्टीतली मेस चालणार नाही हे तिने ओळखलं.

भाषेवरचं पत्र

सिलिंडरच्या भागाने वाचक वाढले आणि त्यांच्याबरोबर एक लांब कॉमेंट आली. लिहिणारी व्यक्ती महाराष्ट्रातली असावी. सूर सभ्य होता. गोष्टीतली वाक्यं वेचून खाली मांडली होती: ‘तू कधी येऊन राहिलीस?’, ‘मला माहीत नाही पडलं’, ‘आज भाजी काय बनवली?’ ही मराठी नव्हे, मराठी शब्दांत लिहिलेली हिंदी आहे, असं म्हटलं होतं. आणि शेवटी विचारलं होतं, पुण्याची आत्या असं बोलेल का?

न मागता केलेली टीका फॅनडममध्ये अनेकांना अशिष्टपणा वाटते. फुकटात, हौसेने लिहिणाऱ्याला चुका दाखवायचा तुम्हाला काय अधिकार, असा तो विचार. दुसरी बाजू म्हणते, मग सुधारणार कशी? मला ती कॉमेंट अशिष्ट वाटली नाही. तिच्यातला शेवटचा प्रश्न तर रास्तच होता, कारण तो पात्राविषयी होता. पण लेखिका शेवटच्या प्रश्नापर्यंत पोचलीच नाही. पहिल्या दोन ओळी तिने स्वतःविषयी वाचल्या.

इंदूर-ग्वाल्हेरच्या मराठी माणसाला हा घाव कुठे बसतो ते सांगायला नको. या शहरात मराठी साहित्य संमेलन १९१७ साली झालं, १९३५ साली झालं, २००१ साली झालं. घरोघरी मराठी मासिकं येतात, नाटकाला गेलं तर बसायला जागा मिळत नाही. तरी पुण्याची आत्तेभावंडं सुट्टीत आली की आपण तोंड उघडल्यावर एकमेकांकडे बघून हसतात, हे लहानपणापासून अंगवळणी पडलेलं असतं. ही शाळेत मराठी कधी शिकलीच नव्हती. घरी ऐकून आणि वाचून तिची मराठी झाली. तेव्हा ‘ही मराठी नव्हे’ हे वाक्य तिच्यासाठी गोष्टीवरचा शेरा राहिलाच नाही.

तिने काही रात्री बसून सगळे भाग ‘शुद्ध’ केले. येऊन राहिलीस तिथे येते आहेस. बनवली तिथे केली. भाजीवाला, पोळीवाल्या, पोरं, सगळी सदाशिव पेठेत वाढल्यासारखी बोलायला लागली. या संग्रहात जुनी आवृत्ती राहत नाही. नवीन मजकूर टाकला की आधीचा पुसला जातो. तिने स्वतःकडे कच्चे मसुदेही ठेवले नव्हते, कारण ती थेट तिथेच लिहायची. सगळं नीटनेटकं करून झाल्यावर तिच्याकडून पुढचा भाग लिहून होईना. महिना गेला, दोन गेले, तीन गेले.

एकाच कॉमेंटचं एवढं वजन का पडलं, याचा विचार करताना मला वॉशिंग्टन विद्यापीठातल्या सिसिलिया अॅरागॉन आणि केटी डेव्हिस यांचं काम उपयोगी पडलं. फॅनफिक्शन डॉट नेट ही १९९८ पासूनची साइट. तिथल्या प्रचंड साठ्यातल्या कथा आणि वाचकांचे अभिप्राय त्यांनी तपासले. त्यांना दिसलं की लेखकाला मिळालेल्या अभिप्रायांच्या संख्येबरोबर त्याच्या शब्दसंपत्तीतलं वैविध्य वाढतं, आणि सुमारे ६५० अभिप्रायांमागे होणारी वाढ ही वय एका वर्षाने वाढल्यावर होणाऱ्या वाढीइतकी असते. अभिप्राय बहुतेक छोटे, एकटे बघितले तर उथळ. कुणी म्हणतं संवाद आवडले, कुणी म्हणतं मधला परिच्छेद कळला नाही, कुणी नुसतंच ओरडतं. पण शेकडो लोकांचे असे तुकडे मिळून एखाद्या चांगल्या शिक्षकाचं काम होतं.

आता हे मराठीला लावून बघा. हिला सगळ्या भागांवर मिळून शंभर कॉमेंटही झालेल्या नव्हत्या. ६५० व्हायला तिची चाळिशी उलटेल. इंग्रजीतल्या गजबजलेल्या फॅनडममध्ये ती एक कॉमेंट पन्नासांत विरून गेली असती. वर-खाली कुणीतरी उलटं म्हणालं असतं, कुणी वाद घातला असता, आणि लेखिकेला त्यातून आपला रस्ता काढता आला असता. छोट्या भाषेत गर्दीच नाही. तिथे एक वाचक बोलला की तोच निकाल ठरतो. म्हणून ‘टीका मनावर घेऊ नकोस’ हा सल्ला मला अशा ठिकाणी पोकळ वाटतो. मनावर घ्यायला दुसरं काही आहेच कुठे?

वीस तारीख होऊन गेली

बंद पडलेल्या गोष्टीखाली ‘पुढचा भाग कधी?’ अशा दोन-तीन कॉमेंट आल्या. तिने त्यांना उत्तर दिलं नाही. हा प्रश्न लेखकांना का टोचतो, हे वाचकांच्या सहसा लक्षात येत नाही. विचारणाऱ्याच्या मनात भूक असते, पण ऐकणाऱ्याला तगादा ऐकू येतो. झालेल्या भागाविषयी त्यात एक अक्षर नसतं.

मग सांगलीच्या एका वाचक बाईंची कॉमेंट आली. ‘ताई, वीस तारीख होऊन गेली. या वेळी काम जास्त होतं का?’

याचा संदर्भ असा. भागाच्या सुरुवातीला लेखक टिपण लिहू शकतो. हिने फार पूर्वी एकदा लिहिलं होतं की जीएसटीआर-१ या रिटर्नची ११ तारीख आणि थ्री-बी या रिटर्नची २० तारीख या दोन्हींच्या मध्ये मला श्वास घ्यायला फुरसत नसते, भाग त्यानंतरच येईल. सांगलीच्या बाईंनी ते लक्षात ठेवलं होतं आणि दर महिन्याला विसाव्या तारखेनंतर त्या येऊन बघत होत्या. त्यांनी गोष्ट मागितली नाही. पहिल्यांदा कुणीतरी तिची चौकशी केली.

तिने उत्तर दिलं. काम नव्हतं, भाषा नीट करत होते, आता पुढे सुचत नाही, असं लिहिलं. ते उत्तर तिसऱ्याच एका वाचक मुलीने वाचलं. ही मूळ इंदूरची, आता बंगळुरूला. तिने जे लिहिलं ते मी इथे तिच्या परवानगीने जवळजवळ तसंच देते:

‘मला वाटलंच काहीतरी बदललंय. पहिल्या भागात आत्या पुण्याची बोलायची. मेस सुरू झाली, भाजीवाल्याशी भांडायला लागली, मुलांना ओरडायला लागली, तशी तिची बोली सैल होत गेली. मी ते मजेने बघत होते. एका भागात ती स्वतःच फोनवर “मी येऊन राहिले” म्हणाली, तेव्हा मी आईला सांगितलं, आता ही काही परत जात नाही. ते का काढलंत?’

लेखिका दुसऱ्या दिवशी फोन घेऊन माझ्याकडे आली. “काकू, मी असं काही ठरवलंच नव्हतं. मी आपलं लिहीत गेले.” तिने सुरुवातीला जपून, पुस्तकी मराठीत लिहिलं होतं आणि हात मोकळा झाल्यावर स्वतःच्या बोलीत उतरली होती. तिच्या लेखी ती ढिलाई होती. वाचणारीने त्यात आत्याचं इंदूरचं होत जाणं वाचलं. कुठल्या लेखकाला स्वतःच्या लिखाणातलं असं काही एकट्याने दिसतं, यावर माझा विश्वास नाही. प्रतिसादातली सगळ्यात मोलाची गोष्ट मला हीच वाटते: आपण काय पाठवलं हे आपल्याला माहीत असतं, पलीकडे काय पोचलं हे फक्त पलीकडचाच सांगू शकतो. चांगलं की वाईट हे त्याने नाही सांगितलं तरी चालतं.

पण मूळ वाक्यं तर पुसली गेली होती. इथे बंगळुरूच्या मुलीने सांगितलं की तिच्याकडे सगळी जुनी गोष्ट ई-पब फाइलमध्ये उतरवून ठेवलेली आहे. विमानात वाचायला म्हणून. या संग्रहातून कुणीही कथा उतरवून घेऊ शकतं, आणि किती जणांनी घेतली हे लेखकाला दिसत नाही. म्हणजे गोष्टीला वाचक नाहीत असं समजून लेखिका रडकुंडीला आली होती तेव्हा कुणीतरी ती फोनमध्ये घेऊन फिरत होतं. एका कॉमेंटमध्ये दहा हजार अक्षरं मावतात. त्या मुलीने आत्याचे जुने संवाद तुकड्या-तुकड्यांनी कॉमेंटमध्येच चिकटवून परत दिले.

लेखिकेने ते सगळेच्या सगळे जसेच्या तसे बसवले नाहीत, आणि इथे मला तिचं कौतुक वाटतं. त्या लांब कॉमेंटमधला शेवटचा प्रश्न तिने आता वाचला. पुण्याहून नुकतीच आलेली आत्या खरंच तसं बोलणार नाही. म्हणून पहिले तीन भाग शुद्धच ठेवले, मेस सुरू झाल्यावर एखादं वाक्य घसरू दिलं, आणि सिलिंडरच्या रात्रीपासून आत्या पूर्ण इंदुरी झाली. दोन वाचकांचं म्हणणं एकमेकांच्या विरुद्ध होतं आणि दोन्ही गोष्टीच्या कामी आली. टीका करणाऱ्या व्यक्तीला तिने सविस्तर उत्तर लिहिलं. तिकडून परत काही आलं नाही.

डॉक्टरचं काय करायचं

आकडे वाढावेत म्हणून आणलेला डॉक्टर आता गळ्यात पडला होता. वाचकांना तो हवा होता. त्या दोघांचं लग्न लावा, अशी मागणी होती. एकीने तर साखरपुड्याची साडीही सुचवली. मला विचाराल तर त्याला सरळ बदलीवर पाठवावं असं माझं मत होतं, आणि मी ते बोलूनही दाखवलं.

ती तयार झाली नाही. “त्याला पानावर बसवलंय, काकू. आता उठवू कसं?” वाचकांच्या सांगण्यावरून गोष्ट फिरवायची की नाही, यावर मोठमोठ्या चर्चा होतात, पण ही अडचण त्यात क्वचितच येते. आकड्यांसाठी आणलेलं पात्र आणल्यानंतर खरं होऊन बसतं. त्याच्यावर जीव लावणाऱ्यांची चूक नसते. शेवटी तो राहिला, महिन्याचे पैसे आगाऊ भरणारं गिऱ्हाईक म्हणून. आत्या त्याला एकदा जास्तीची पोळी वाढते आणि हिशेबात लिहिते. लग्न नाही.

शेवटचा भाग आला त्या आठवड्यात सबस्क्रिप्शन थोडी घटली. कॉमेंट सिलिंडरच्या भागापेक्षा कमी आल्या. दोघी-तिघी नाराज झाल्या आणि तसं त्यांनी लिहिलं. सांगलीच्या बाईंनी आत्या पोह्यांत बडीशेप घालते ते इंदूरला खरंच घालतात का, असं विचारलं. आईचं म्हणणं, जास्तीची पोळी हिशेबात लिहिणारी बाईच मेस चालवू शकते.

आता ती त्याच मालिकेतल्या ड्रायव्हरवर लिहिते आहे. मसुदे वेगळे ठेवते. कॉमेंट आधी तिच्याकडे येतील आणि तिने मंजूर केल्यावरच दिसतील अशी सोय तिथे आहे, ती चालू केली आहे. विसाव्या तारखेनंतर निवांत बसून वाचते. आणि प्रत्येक भागाच्या शेवटी एक नेमका प्रश्न विचारते: गाडीतलं बोलणं कोण कोणाशी बोलतंय ते कळलं का, म्हातारा खोटं बोलतोय असं कुठे वाटलं, असं काहीतरी. ‘कसं वाटलं?’ असं विचारायचं तिने सोडलं आहे. कट्ट्यावरची ती गप्प वाचक या प्रश्नांना उत्तरं देते. गेल्या भागाखाली तिने लिहिलं होतं की म्हातारा पहिल्या वाक्यापासूनच खोटा वाटला. लेखिकेला तो खरा वाटायला हवा होता, म्हणून सध्या तो भाग परत लिहिणं चालू आहे.